बटण दाबल्यासारखी धडधड

२४ जानेवारी २०२५, शुक्रवार. शेजारच्या वहिनींकडे हळदीकुंकू होतं. वाण म्हणून स्टीलची चाळणी मिळाली, ती हातातून निसटली, उचलायला वाकले आणि सुरू झालं. एका ठोक्याला सगळं ठीक, पुढच्या ठोक्याला छातीत शिलाई मशीन. वर बघितलं तर वहिनी तिळगुळाचा डबा पुढे करून उभ्या. मी लाडू घेतला, हसले आणि तिथेच पायरीवर बसले.

हा प्रकार मला नवा नव्हता. २००९ साली, लग्नाला सहा महिने झाले असताना, पिठाची परात उचलताना पहिल्यांदा झाला होता. दहा मिनिटांत आपोआप थांबला. मग वर्षातून दोनदा, पुढे चारदा, कोविडनंतर जवळजवळ महिन्याला एकदा. मी साताऱ्यात एका पतसंस्थेत कॅशियर आहे. संध्याकाळी कॅश टॅली करताना धडधड सुरू झाली तर काउंटर सोडून उठता येत नाही. शंभराचं एकच बंडल तीन-तीनदा मोजलेलं आठवतंय.

डॉक्टरांना दाखवलं नाही असं नाही. सोळा वर्षांत चार ईसीजी झाले. एकदा चोवीस तासांचं होल्टर, म्हणजे ईसीजी सतत टिपत राहणारं छोटं यंत्र, लावलं, ३,२०० रुपये. अंगावर वायरी चिकटवून दिवसभर काउंटरवर बसले आणि नेमकं त्या दिवशी हृदय शहाण्या मुलासारखं वागलं. रिपोर्ट दर वेळी नॉर्मल. एका डॉक्टरांनी ॲसिडिटीची गोळी दिली. दुसऱ्यांनी नवऱ्यासमोरच विचारलं, "घरात काही टेन्शन?" आणि मन शांत ठेवणारी गोळी लिहून दिली, ती मी आठ महिने घेतली. सासूबाईंनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. खरं सांगते, या सगळ्यांत मीठमोहऱ्यांचा राग सर्वांत कमी आला. निदान सासूबाईंनी मला काहीतरी होतंय हे तरी मानलं होतं.

त्या शुक्रवारी पाऊण तास झाला तरी थांबेना. हात गार पडले, डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. वहिनींच्या मुलाने गाडी काढली आणि आम्ही जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत पोचलो. तिथे एक पंचविशीची आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, मुलगी होती. मला "काकू" म्हणाली, तेही त्या अवस्थेत लागलं. नर्सने सलाइनची तयारी सुरू केली तेव्हा तिने हात वर करून थांबवलं. "आधी ईसीजी. धडधड चालू आहे तोवर कागद मिळू दे."

या एका वाक्यासाठी मी हा लेख लिहायला बसले आहे.

ठोके मिनिटाला १९० होते. पट्टीवर उभ्या काड्या कंपासने आखल्यासारख्या समान अंतरावर, गच्च. ती म्हणाली, "एसव्हीटी दिसतेय, म्हणजे हृदयाच्या विजेतल्या बिघाडाची धडधड. टेन्शनने असं होत नाही." मला रडू आलं. घाबरून नाही, हायसं वाटून.

मग तिने दहा मिलीची रिकामी सिरिंज हातात दिली. तोंडात धरून इतक्या जोराने फुंकायची की आतला दट्ट्या हलला पाहिजे, पंधरा सेकंद. फुंकून होताच मला पटकन आडवं करून पाय वर उचलून धरले. काहींची धडधड एवढ्यानेच थांबते म्हणे. माझी नाही थांबली. मग ॲडेनोसिन. हे औषध रक्तात काही सेकंदच टिकतं, म्हणून दंडाच्या मोठ्या शिरेतून झटक्यात देतात आणि मागोमाग सलाइनचा फवारा मारतात. "काही सेकंद फार वाईट वाटेल. मग संपेल. माझ्याकडे बघा," ती म्हणाली. पहिल्या ६ मिलिग्रॅमने काही झालं नाही. दुसऱ्या वेळी १२ दिलं. चेहरा तापला, छातीवर कुणीतरी पोतं ठेवल्यासारखं झालं आणि पोटात असा खड्डा पडला की आता आपण संपलो अशी खात्रीच पटली. मॉनिटरवरची रेघ सपाट झालेली मी पाहिली. दोन सेकंद असतील, तीन असतील. मग एक ठोका. मग आणखी एक. सावकाश, ८४.

बिल ४,८५० रुपये. ईसीजीची पट्टी मी मागून घेतली.

आता त्या पट्टीचं काय झालं ते. आमच्या घरी कागदपत्रं नवऱ्याच्या ताब्यात असतात आणि तो त्या बाबतीत फार काटेकोर आहे. पट्टी इतकी महत्त्वाची आहे हे ऐकल्यावर दुसऱ्याच दिवशी तो ती लॅमिनेट करायला घेऊन गेला. ईसीजीचा कागद थर्मल असतो, दुकानातल्या बिलासारखा, उष्णता लागली की काळा पडणारा. मशीनमधून पट्टी बाहेर आली ती तव्यासारखी काळी. सोळा वर्षांनी मिळालेला पुरावा. मोबाइलवर काढलेला फोटो होता, पण तो काढताना माझा हात थरथरत होता. त्यात माझा अंगठा तेवढा स्पष्ट होता.

सुदैवाने हॉस्पिटलच्या केसपेपरला दुसरी प्रत लावलेली होती. रेकॉर्ड रूममध्ये अर्ज, आधारची झेरॉक्स, १०० रुपये. "साहेब आल्यावर बघू" असं उत्तर आलं. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे असा मेडिकल कौन्सिलचा २००२ पासूनचा नियम आहे. तो अर्जात एका ओळीत लिहिला. तिसऱ्या दिवशी झेरॉक्स मिळाली. तुम्हाला अशी पट्टी मिळाली तर त्याच दिवशी झेरॉक्स काढा आणि मूळ पट्टी कागदी पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्येही ती हळूहळू पुसट होत जाते.

साताऱ्यातल्या हृदयरोगतज्ज्ञांनी टू-डी इको, थायरॉइड, हिमोग्लोबिन सगळं करून घेतलं, मिळून ३,९०० रुपये. हृदयाची रचना उत्तम. "पंप चांगला आहे, वायरिंगमध्ये घोळ आहे," ते म्हणाले. दोन रस्ते होते, रोज गोळी किंवा पुण्याला जाऊन हृदयात आतून डाग देण्याचा उपचार, म्हणजे अ‍ॅब्लेशन. अर्थात मी गोळी निवडली. दोन महिने पायांत शिसं भरल्यासारखं वाटायचं, पतसंस्थेचा एक मजला चढायला नको व्हायचं. आणि ३० मार्चला, गुढीपाडव्याला, गुढीपुढची रांगोळी काढून उठताना पुन्हा तेच. या वेळी २५ मिनिटं. तो कलश, ती साखरेची गाठी, आणि मी जिन्याच्या कठड्याला धरून सिरिंज फुंकतेय.

पुण्याची वेळ मिळायला तीन आठवडे लागले. हृदयाच्या विजेचेच डॉक्टर वेगळे असतात, इलेक्ट्रोफिजिओलॉजिस्ट, हे मला तोवर माहीत नव्हतं. तुमच्या गावात ते नसण्याची शक्यता जास्त, म्हणून हा शब्द लिहून ठेवा. २२ एप्रिलला भेटले, फी १,५०० रुपये. त्यांनी झेरॉक्स उलटसुलट पाहिली आणि तीन प्रश्न विचारले. सुरू होते ती बटण दाबल्यासारखी आणि थांबतेही तशीच का? गळ्यात धडधडतं का? आणि नंतर लघवीला वारंवार जावं लागतं का?

तिन्हीला हो. तिसरा प्रश्न मला सोळा वर्षांत कुणी विचारला नव्हता आणि मी लाजेने कधी सांगितला नव्हता. हृदयाचे वरचे कप्पे ताणले गेले की एक संप्रेरक सुटतं, त्याने लघवी होते. गळ्यातली धडधडही त्याच गोंधळातली. वरचे आणि खालचे कप्पे एकाच वेळी आकसतात, मधली झडप बंद असते, मग रक्त मागे मानेच्या शिरांत ढकललं जातं. भीतीने वाढणारी धडधड हळूहळू चढते, हळूहळू उतरते. तिला बटण नसतं.

मग त्यांनी पॅडवर हृदय काढलं. उजव्या वरच्या कप्प्यात माथ्याशी एक ठिपका, सायनस नोड. हा आपला घड्याळजी. कुणी न सांगता मिनिटाला ६० ते १०० वेळा विजेची ठिणगी सोडतो, दिवसाला लाखभर. ठिणगी वरच्या दोन्ही कप्प्यांत पसरते, ते आकसतात. खाली जायला मात्र एकच नाका आहे, एव्ही नोड. तिथे ठिणगीला सेकंदाचा साधारण दहावा भाग मुद्दाम थांबवलं जातं. मी विचारलं, मुद्दाम कशाला? तर वरचे कप्पे आपलं रक्त खाली पूर्ण ओतेपर्यंत खालच्यांनी दम धरावा म्हणून. नाका ओलांडला की हिस बंडल नावाच्या तारेतून ठिणगी सुसाट खाली जाते, दोन फाटे फुटतात, आणि शेवटी पर्किन्जे तंतूंच्या जाळ्यातून खालचे कप्पे जवळजवळ एका क्षणी पिळले जातात. घड्याळजी बंद पडला तर नाका स्वतः ठोके देऊ लागतो, पण सावकाश, ४० ते ६०. तोही गेला तर अगदी खालचे तंतू, आणखी सावकाश. एकाला दोन बदली कामगार ठेवलेत.

"तुमच्या नाक्यावर दोन रस्ते आहेत," ते म्हणाले. "एक जलद, एक मंद. साताऱ्याच्या ना तुम्ही? खंबाटकी."

मला तिथेच सगळं समजलं. खंबाटकी म्हणजे पुणे-सातारा रस्त्यावरचा घाट. तेव्हा साताऱ्याहून पुण्याला जाताना बोगदा लागायचा, पुण्याहून येताना घाट. वरचे कप्पे म्हणजे पुणे, खालचे म्हणजे सातारा. एरवी ठिणगी जलद वाटेने, म्हणजे बोगद्यानेच, खाली येते (इथे उपमा थोडी लंगडते, बोगदा एकेरी होता). पण जलद वाटेला एकदा गाडी गेली की पुन्हा मोकळी व्हायला वेळ लागतो. अशा वेळी एखादा ठोका वेळेआधी आला, समजा वाकल्यामुळे, तर बोगदा बंद असतो. तो घाटाने खाली उतरतो. उतरेपर्यंत बोगदा मोकळा झालेला असतो. मग तीच गाडी बोगद्यातून उलटी वर, पुन्हा घाटाने खाली, पुन्हा वर. मिनिटाला १९० फेऱ्या. आणि या फेऱ्या थांबल्या की काहीच खूण मागे राहत नाही, म्हणून चार ईसीजी नॉर्मल. आजाराचं नाव एव्हीएनआरटी, एसव्हीटीचाच एक प्रकार. स्त्रियांत जास्त दिसतो.

उपाय म्हणजे घाट बंद करणे. मांडीच्या शिरेतून तार नेऊन मंद वाटेच्या जागी उष्णतेने छोटासा डाग द्यायचा. १०० पैकी ९५हून अधिक जणांना कायमचं बरं वाटतं. धोका काय, हे मी तीनदा विचारलं. मुख्य नाका तिथून काही मिलिमीटरवरच असतो. त्याला इजा झाली तर पेसमेकर बसवावा लागतो, शंभरात एकापेक्षा कमी वेळा. मी घरी जाऊन आठ दिवस त्या एकातच अडकले होते.

त्या आठवड्यात रात्री झोप लागायची नाही म्हणून वाचत बसायचे. पर्किन्जेंनी त्यांचे तंतू १८३९ मध्ये पाहिले, हिस यांनी त्यांची तार १८९३ मध्ये, तवारा नावाच्या जपानी डॉक्टरने जर्मनीत राहून नाका १९०६ मध्ये शोधला. सगळ्यात वरचा घड्याळजी मात्र सर्वांत शेवटी सापडला. इंग्लंडमध्ये कीथ यांच्या घरी फ्लॅक नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी जमिनीखाली बिळं करणाऱ्या मोल नावाच्या चिमुकल्या प्राण्याचं हृदय कापून बघत होता, त्यात त्याला तो दिसला. १९०७ मध्ये त्यांनी ते छापलं. एवढ्याशा प्राण्याच्या हृदयातला ठिपका माणसाला दिसला आणि माझी धडधड सोळा वर्षं कुणाला दिसली नाही, असं रात्री दोन वाजता वाटायचं. सकाळी तसं वाटायचं नाही.

तारीख ठरली २१ मे, बुधवार. गोळी पाच दिवस आधी बंद, कारण गोळीच्या अंमलाखाली धडधड सहजासहजी सुरू होत नाही आणि त्यांना ती सुरू करूनच बघायची असते. हे पाच दिवस मी बॅगेत सिरिंज घेऊन फिरले.

आता विम्याचं. आमची फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराची मिळून एक आरोग्य विमा पॉलिसी, ऑगस्ट २०१८ पासून न खंडता चालू. कॅशलेसचा अर्ज हॉस्पिटलच्या टीपीए खिडकीवर (विम्याचे दावे हाताळणारी मधली संस्था) १६ मेलाच दिला. १९ला संध्याकाळी फोन आला, क्वेरी. पुण्याच्या डॉक्टरांच्या कागदावर "२००९ पासून त्रास" असं लिहिलेलं होतं, मीच प्रामाणिकपणे सांगितलं होतं. विमा कंपनीचं म्हणणं, म्हणजे आजार पॉलिसीच्या आधीचा, तुम्ही लपवला. मी लपवलेला आजार माझ्याच डॉक्टरांना माहीत नव्हता! नवऱ्याने सगळे नॉर्मल ईसीजी तारखेप्रमाणे लावून पाठवले, त्या दिवशी मी त्याला लॅमिनेशनचं सगळं माफ केलं. डॉक्टरांनी पत्र दिलं की निदान प्रथम जानेवारी २०२५ मध्ये झालं. शिवाय सलग ६० महिने पॉलिसी चालू असेल तर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती लपवल्याचं कारण दाखवून दावा नाकारता येत नाही, हा विमा नियामकाचा नियम आम्ही ईमेलमध्ये लिहिला. आमचे ८१ महिने झाले होते. २० तारखेला दुपारी मंजुरी आली. डॉक्टरांना खोटं सांगू नका, पण आपले शब्द कागदावर कसे उतरतात ते निघण्यापूर्वी वाचून घ्या.

२० मेच्या संध्याकाळी अ‍ॅडमिट. रात्री दहानंतर उपास. मांड्यांची हजामत, पाळीची तारीख (आत एक्स-रे वापरतात म्हणून विचारतात, शंका असेल तर स्पष्ट सांगा), सहा ठिकाणी सह्या. पेसमेकरच्या ओळीवर नवऱ्याचं पेन थांबलं. मी म्हटलं, "अहो, करा." तेवढ्यापुरती मी धीट होते.

कॅथलॅब, म्हणजे हृदयात तारा घालतात ती खोली, गार असते, कुडकुडायला लावणारी. टेबल अरुंद, पाठीला गारेगार पॅच चिकटवतात. पूर्ण भूल देत नाहीत, कारण गाढ गुंगीत धडधड सहजासहजी येत नाही. उजव्या जांघेत बधिरतेचं इंजेक्शन चांगलंच झोंबलं, त्यापुढे दाबल्याची जाणीव फक्त. तारा वर गेल्या तेव्हा दुखलं नाही, एखाद-दुसरा ठोका अडखळला.

मग त्यांनी माझं हृदय चालवायला घेतलं. दुसरा शब्द नाही. काचेपलीकडून कुणीतरी दोन ठोक्यांमधल्या अंतराचे, मिलिसेकंदांतले आकडे म्हणत होतं, ६००, ५५०, ५००, आणि ते उतरतील तसे माझे ठोके वाढत होते. मी शांत पडलेली, आणि छाती मात्र जिना चढतेय. आठ ठोके एका लयीत, नववा मुद्दाम आधी. पुन्हा आठ, नववा आणखी आधी. बराच वेळ काही होईना. मग सलाइनमधून हृदय पळवणारं औषध सोडलं, आणि एका नवव्या ठोक्यानंतर बटण दाबलं गेलं.

"हाच!" मी ओरडले. "हाच तो!" कपडे धुताना, परात उचलताना, काउंटरवर, रांगोळीपाशी, तोच. आणि या वेळी खोलीतली सहा माणसं पडद्यावर तो बघत होती. तेवढा वेळ मी त्या टेबलावर चक्क खूश होते.

त्यांनी दोन झटपट ठोके देऊन तो थांबवला. मग, "आता अजिबात हलू नका. खोकला आला तर आधी सांगा." प्रत्येक डाग मिनिटभराचा. छातीत आतून ऊब, जबड्याकडे सरकणारी. तेवढ्यात ठोके विचित्र पडू लागले आणि मी घाबरले, तर आतून आवाज आला, "छान, हेच हवंय." नाक्याजवळची जागा तापली की ती असे ठोके टाकते, म्हणजे जागा बरोबर आहे. चार डाग. मग अर्धा तास नुसती वाट बघणं आणि पुन्हा सगळे प्रयत्न, औषधासकट. धडधड आली नाही. एकूण दोन तास दहा मिनिटं.

सर्वांत कठीण भाग त्यानंतरचा आहे आणि तो कुणी सांगत नाही. सहा तास उताणं, उजवा पाय सरळ, जांघेवर वाळूची पिशवी. बेडपॅनवर लघवी होत नाही ती होतच नाही. दोन तास झगडल्यावर नर्सताईंनी नळ सोडून ठेवला, त्या आवाजाने झाली. आदल्या दिवशी घरी आडवं पडून सराव करा. हसू नका.

२२ तारखेला सकाळी साडेअकराला डॉक्टरांनी जा म्हणून सांगितलं. अंतिम मंजुरी तीन तासांत यावी असा नियम आहे, ती पाच वाजून दहा मिनिटांनी आली. बिल १,८४,६००, मंजूर १,७६,९५०. उरलेले ७,६५० आमचे, हातमोजे आणि तसल्या वस्तूंचे. परतताना घाट लागला तेव्हा नवरा काही बोलला नाही, मीही नाही, पण दोघांनी एकदमच एकमेकांकडे बघितलं.

जांघ वांग्याच्या रंगाची झाली, दोन आठवडे. आठवडाभर वजन उचलायचं नाही, महिनाभर रक्त पातळ ठेवणारी गोळी. जून महिन्यात आठ-दहा वेळा एखादा ठोका उडायचा आणि मी श्वास धरून उभी राहायचे, आता सुरू होणार. व्हायचं नाही. डागाची जागा भरून येईतो असं होतं, असं फोनवर कळलं.

२ जुलैला तपासणी. ईसीजी काढला, डॉक्टरांनी पट्टी समोर धरली आणि म्हणाले, "नॉर्मल." या शब्दावर माझा अजून पुरता विश्वास बसत नाही, तसं मी त्यांना सांगितलं. ते हसले आणि पट्टी माझ्या हातात दिली. बाहेर आले तर नवरा हात पुढे करून उभा. पट्टी घेतली, दोन बोटांत कडेने धरली आणि लिफ्टकडे न जाता जिन्याने खाली गेला. झेरॉक्सचं दुकान तळमजल्यावर आहे हे त्याने येतानाच बघून ठेवलं होतं.